पालकांचे प्रश्न : एका घरात तीन कायदे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच घेतली आहेत. नावं छापत नाही, फक्त वस्ती किंवा गाव दिलं आहे.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. ह्यांचा स्वभाव कडक. आवाज चढला की पोरगं भिंतीला चिकटून उभं राहतं. मी समजावून सांगते. सासरे मात्र आमच्या मागे त्याला मोबाइल देतात. तिघांत बरोबर कोण? मुलाला कडक पालक चांगले की मायाळू?
*— एक आई, जुळे सोलापूर*

कडकपणा आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढली म्हणून दुसरी कमी व्हायलाच हवी असं नाही. अमेरिकेत बर्कली इथे डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात बालवाडीच्या वयातली मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास करून पालकत्वाचे तीन प्रकार सांगितले. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्याला दोन मापं लावली : मुलाच्या गरजेला, भावनेला पालक किती प्रतिसाद देतात आणि मुलाकडून शिस्तीची किती अपेक्षा ठेवतात. त्यातून चार कप्पे पडतात. शिस्त भरपूर, प्रतिसाद कमी, तो धाकाचा कप्पा. प्रतिसाद भरपूर, शिस्त नाही, तो लाडाचा. दोन्ही नाहीत, तो दुर्लक्षाचा. दोन्ही भरपूर असतील तर नियम पक्के असतात आणि मुलाला ‘का?’ विचारायची मुभाही असते.

धाकातली मुलं समोर ऐकतात, पण निर्णय घ्यायची वेळ आली की अडखळतात आणि लपवायला शिकतात. निव्वळ लाडातल्या मुलांना थांबणं, वाट पाहणं जड जातं. दुर्लक्षाचे परिणाम सगळ्यात वाईट. चौथ्या कप्प्यातली मुलं अभ्यासात आणि माणसांत मिसळण्यात सरासरीने बरी निघतात. ‘सरासरीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मुलाचा मूळ स्वभावही पालकाला घडवत असतो. हट्टी मुलाचे आईवडील हळूहळू कडक होत जातात. शिवाय हे कप्पे अमेरिकी घरं पाहून आखलेले आहेत. १९९४ मध्ये रूथ चाओ यांनी चिनी कुटुंबांबद्दल दाखवून दिलं की तिथल्या कडकपणात मुलासाठी झिजण्याचा भाग मोठा असतो, त्यामुळे त्याला सरसकट धाकात मोजता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच घरांना हे लागू पडावं.

तुमच्या घरातली खरी अडचण वेगळी आहे. एका छपराखाली तीन कायदे चालू आहेत. दहा वेळा मागून एकदा जरी मोबाइल मिळाला, तरी मूल अकराव्यांदा जास्त चिवटपणे मागतं. कधीतरी मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं. तेव्हा असं करा.

मुलगा खेळायला गेलेला असताना तिघांनी अर्धा तास बसा आणि फक्त तीन नियम ठरवा. दहा ठरवलेत तर एकही टिकणार नाही. नियम डोळ्यांना दिसेल असा हवा. ‘मोबाइल कमी बघायचा’ हा नियम होत नाही. ‘संध्याकाळी ६ ते ६.४०, बाहेरच्या खोलीत, मग मोबाइल आजोबांच्या हातात’ हा होतो. आजोबांना जो नियम मनातून पटत नाही तो लिहूच नका, कारण दुपारी घरात तेच असतात. त्यांच्याकडे मोबाइल सांभाळण्याचं काम सोपवा. चोरून देणारा माणूस वेळ पाळणारा झाला की निम्मी भांडणं मिटतात.

नियम मोडला तर काय, हेही त्याच बैठकीत ठरवा. परिणाम लहान, लगेचचा आणि त्याच गोष्टीशी जोडलेला असावा : वेळेवर दिला नाही तर उद्याची १० मिनिटं कमी. ‘महिनाभर मोबाइल बंद’ हे रागात सुचतं आणि तिसऱ्या दिवशी आपणच मोडतो.

पहिले काही दिवस वागणं बिघडेल. आरडाओरडा वाढेल, जेवणावर राग निघेल. जे आजवर मिळत होतं ते बंद झालं की मूल आधी जोर वाढवून पाहतं. बहुतेक घरं नेमकी इथे हात टेकतात आणि मग मूल शिकतं की साध्या रडण्याने भागत नाही, पण भांडी आपटली की भागतं. म्हणून घरी पाहुणे किंवा लग्नकार्य असेल त्या आठवड्यात सुरुवात करू नका.

वडिलांना एवढंच सांगा : दुसऱ्या खोलीतून हाक मारून हुकूम सोडू नका. जवळ जा, नाव घ्या, एका वाक्यात सांगा : ‘मोबाइल आजोबांकडे दे.’ ‘देतोस का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ हे उत्तर तुम्हीच हातात दिलंत. मग मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहा. दिला, तर लगेच म्हणा, ‘सांगितल्याबरोबर दिलास.’ नाही दिला, तर एकदाच पुन्हा सांगा आणि ठरलेला परिणाम लागू करा. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. त्यांचं एखादं बोलणं तुम्हाला पटलं नाही तर मुलासमोर खोडू नका, रात्री दोघं बोला. हात उगारला गेला, तर मात्र तिथल्या तिथे मध्ये पडा.

मुलगा पंधराचा, दहावीत. ट्यूशन सांगून मित्रांबरोबर गाडीवर फिरतो. मोबाइलचा पासवर्ड काढून घेतला, मित्रांचे नंबर उडवले, एकदा बेल्टने मारलं. आता तो घरात बोलतच नाही. आम्हीही मार खाऊनच मोठे झालो. काय चुकलं?
*— एक टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी*

बेल्ट चुकला. मारलं की मूल त्या क्षणी थांबतं, म्हणून मारणाऱ्याला तो उपाय वाटतो. पण थोड्या दिवसांत तोच प्रकार परत होतो आणि पुढच्या वेळी जास्त जोराने मारावं लागतं. गेरशॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले, १,६०,००० हून अधिक मुलांचे. नुसत्या चापट्यांचाही संबंध वाढत्या आक्रमकपणाशी आणि मानसिक त्रासाशी दिसला. चांगल्या वागण्याशी दिसला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. तुम्ही मार खाऊन उभे राहिलात, त्यामागे तुमचे कष्ट आहेत आणि घरातल्या कुणाची तरी मायाही असेल. त्याचं श्रेय मारला देऊ नका.

पहाऱ्याबद्दलही एक गोष्ट. स्टॅटिन आणि केर यांनी २००० मध्ये स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं कुठे जातात, काय करतात हे पालकांना कळतं ते मुख्यतः मुलं आपणहून सांगतात तेव्हा. पाळत ठेवून फारसं कळत नाही. म्हणजे तुमची माहिती येण्याची मोठी वाट होती मुलाचं बोलणं, आणि आज नेमकी तीच बंद आहे.

आधी तुम्ही बोला. ‘बेल्टने मारलं ते चुकलं, पुन्हा हात उचलणार नाही.’ एवढंच. पुढे ‘पण तूही’ जोडलंत तर सगळं पाण्यात जाईल. उत्तराची अपेक्षा धरू नका, एकदोन आठवडे मिळणारही नाही. या वयाची मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत. गाडीवर मागे बसलेला असताना, कारखान्यात पेट्या बांधताना, हाताला काम असताना बोलतात. त्याच्या पहिल्या दोनतीन गोष्टी उपदेश न करता ऐका.

मग विषय दोन भागांत करा. केस, कपडे, कोणत्या मित्राशी बोलायचं, अभ्यास पहाटे की रात्री, यात त्याचं मत चालू द्या. सुरक्षिततेत तडजोड नाही : परत यायची वेळ, मावा-गुटखा आणि गाडी. पंधराव्या वर्षी कोणतीही गाडी चालवायचा परवाना मिळत नाही. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीलाही १६ पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे त्याला धमकीसारखं सांगू नका, कागद पुढे ठेवून वाचायला द्या. आणि घरातल्या गाडीची किल्ली आजपासून हुकावर लटकत ठेवू नका.

एक कलम त्याच्या बाजूने ठेवा : चूक स्वतः येऊन सांगितली तर परिणाम निम्मा. हे कलम तुम्ही एकदा जरी मोडलंत तर तो पुन्हा सांगणार नाही. त्याची झोपही बघा. या वयात ८ ते १० तास लागतात. पहाटेची ट्यूशन आणि रात्री बारापर्यंतचा मोबाइल यात ती सहालाच संपते, आणि चिडचिड तिथूनही येते.

दोन आठवडे तो जेवत-झोपत नसेल, मित्रही सोडले असतील किंवा मरणाची भाषा करत असेल, तर ‘दहावीचं टेन्शन’ म्हणून थांबू नका. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

मालक पॉवरलूमवर रात्रपाळीला, मी घरी विड्या वळते. मुलगी अकराची, मुलगा पाचचा. टीव्हीवर सांगत होते, मुलांना रोज दोन तास द्या. मी कुठून आणू? पोरं बिघडतील का?
*— एक आई, कुंभारी*

बिघडणार नाहीत. दुर्लक्ष तासांवर ठरत नाही. मूल पडलं, घाबरलं, शाळेत कुणी चिडवलं, हे घरात कुणाच्या तरी लक्षात येतं का आणि त्यावर कुणी काही करतं का, त्यावर ठरतं. विड्या वळताना तुमचे हात अडकलेले असतात, कान आणि तोंड मोकळं असतं. मुलगा काही दाखवायला आला की मान वर करा, त्याचंच वाक्य पुढे न्या : ‘लाल बस? किती मोठी?’ अशा दोनचार वाक्यांच्या देवाणघेवाणीतूनच लहान मुलाची भाषा वाढते. त्याखेरीज रोज १० मिनिटं प्रत्येकाला वेगळी द्या, विड्यांचा माल देऊन आल्यावर किंवा झोपताना. त्या दहा मिनिटांत अभ्यास विचारू नका. खेळ मुलाने ठरवायचा.

मुलीकडे मात्र लक्ष द्या. पाणी भरणं, भावाला शाळेत सोडणं ही मदत झाली, त्याने ती शहाणी होते. भावाला जेवू घालणं, झोपवणं, त्याला शिक्षा करणं, त्याच्या चुकीचा ओरडाही तिनेच खाणं, हे आईपण झालं. अकराव्या वर्षी ते नको. घरकाम दिवसाला तासाभरात संपावं आणि भावाला रागवायचा अधिकार तिच्याकडे देऊ नका. दोघांनाही सुपाजवळ बसवू नका, विड्या बांधायला तर मुळीच नको. तंबाखूची धूळ छातीत जाते आणि निकोटिन कातडीतूनही शिरतं. मुलाला घास भरवण्याआधी साबणाने हात धुवा, पदर बदलता आला तर उत्तम.

वडील दिवसा झोपतात म्हणून पोरं दिवसभर ‘गप्प बसा’ ऐकत असतील. पाळीला निघण्याआधी सगळ्यांनी मिळून भाकरी खायची एक वेळ धरा. वडिलांच्या वाट्याला तेवढा वेळ येतो, तो बोलण्यात जाऊ दे, तक्रारी वाचण्यात नको.

मुलगी दुसरीत. एक पाढा पाठ झाला की १० रुपये देतो. चालेल का?
*— एक वडील, बुधवार पेठ*

तिला पाढे म्हणायला आवडत असेल तर बंद करा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर, बक्षीस नसताना, त्या मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. आवडतच नसेल, तर सुरुवातीला दोनतीन आठवडे बक्षीस चालतं, पण पैसे नकोत. संध्याकाळी तुमच्याबरोबर सिद्धेश्वर तलावावर फेरी, रात्री जादा एक गोष्ट, असं काही. मग एक पाढा सोडून एक, आणि नंतर बंद. एकदा कमावलेलं बक्षीस दुसऱ्या चुकीसाठी परत घेऊ नका.

नातू तीन वर्षांचा. गड्ड्याच्या जत्रेत खेळण्यासाठी होम मैदानावर लोळण घेतली. सून अर्धा तास समजावत बसली, शेवटी घेऊन दिलंच. आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा.
*— एक आजी, साखर पेठ*

धपाटा नको, आणि अर्ध्या तासाचं समजावणंही नको. रडण्याच्या भरात तीन वर्षांच्या मुलाला वाक्यं पोचत नाहीत. सगळ्यात जास्त नुकसान अर्ध्या तासानंतर घेऊन देण्याने होतं; द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीला द्या.

पुढच्या जानेवारीत जत्रेला जाताना घरूनच तयारी करा. दुपारची झोप झालेली, पोट भरलेलं असावं. निघण्याआधी सांगा : एक पाळणा, एक खेळणं, ५० रुपयांपर्यंत. खेळण्याचे पैसे वेगळे काढून त्याच्या देखत पाकिटात ठेवा. खिशात मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लोळण घेतलीच, तर उचलून गर्दीच्या कडेला न्या, खाली बसा, ‘तुला हवं होतं, राग आलाय’ एवढंच बोला आणि रडणं ओसरेपर्यंत गप्प बसा. मग पाणी द्या, जवळ घ्या, आणि पुढे चला. ‘बस इथंच, आम्ही चाललो’ असं चुकूनही म्हणू नका. गर्दीत त्याला ते खरं वाटतं आणि ते मागे धावत सुटतं.

लोळताना मूल डोकं आपटून घेत असेल, श्वास कोंडून निळं पडत असेल किंवा तीन वर्षांचं होऊनही दोनतीन शब्दांचं वाक्य बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बोलता न येणारं मूल हट्ट जास्त करतं. आणि आजी, सुनेने एकदा ‘नाही’ म्हटलं की तुमच्या बटव्यातून ते खेळणं येऊ देऊ नका.