घरभर निळा रंग: एफडी मोडावी का?

प्रश्न: कोथरूडला आमचा ६८० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके आहे. हॉल, दोन्ही बेडरूम, स्वयंपाकघर, पॅसेज, अगदी छतासकट सगळीकडे एकच मध्यम निळी शेड द्यायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय. ठेकेदाराचं कोटेशन १,५५,०५२ रुपयांचं आहे. पगार हातात ९२,००० येतो. गृहकर्जाचा हप्ता ३८,०००, घरखर्च ३४,०००, एसआयपी ८,०००. एफडी २.४ लाखांची, बाकी शिल्लक नाही. तीन वर्षांनी मोठं घर घेऊन हे विकायचा किंवा भाड्याने द्यायचा विचार आहे. एफडी मोडावी, बारा महिन्यांचे ‘नो कॉस्ट’ हप्ते घ्यावेत की पर्सनल लोन? दिवाळीपूर्वी काम उरकायचंय.

उत्तर: रंग जरूर द्या, निळाच द्या. पण दिवाळीचा हट्ट सोडा आणि तिन्हीपैकी एकाही मार्गाने पैसे उभे करू नका. त्याआधी कोटेशन नीट वाचू, कारण खरी गडबड तिथे आहे.

ठेकेदाराने २,७०० चौरस फूट गुणिले ४२ रुपये, म्हणजे १,१३,४०० धरलेत. दारं आणि ग्रिलच्या ऑइल पेंटचे १८,०००. वर १८ टक्के जीएसटी, २३,६५२. कोटेशनवर जीएसटी क्रमांक मात्र नाही. महाराष्ट्रातला क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि २७ ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्या माणसाला हा कर वसूल करताच येत नाही. क्रमांक मागा, मिळाला नाही तर ही ओळ खोडा.

आता मोजमाप. तुम्ही पाठवलेल्या तपशिलात लहान बेडरूम १० बाय १२ ची, उंची साडेनऊ फूट. घेर ४४ फूट, म्हणून भिंती ४१८ चौरस फूट, आणि ठेकेदाराने तेवढंच लिहिलंय. पण दार २१, खिडकी २० आणि भिंतीला ठोकलेल्या कपाटामागचे ४२ चौरस फूट, अशा ८३ चौरस फुटांना ब्रश लागणारच नाही. एका खोलीत ४२ च्या दराने ३,४८६ रुपये हवेत गेले. बरेच ठेकेदार दार-खिडकी वजा करत नाहीत, कडा सांभाळायला वेळ जातो म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण कपाटामागची भिंत कुठल्याच हिशेबात बसत नाही. छताचे ६८० सोडले तर कागदावरच्या भिंती २,०२०. याच प्रमाणात वजावट केली तर सुमारे १,६२० उरतात. टेप लावून सगळ्या खोल्या एकत्र मोजा आणि आकड्यांवर दोघांच्या सह्या घ्या.

४२ रुपयांत जुना रंग पूर्ण खरवडणं आणि दोन हात (म्हणजे थर) लांबी, म्हणजे पुट्टी, आहे. तुमचा रंग पाच वर्षांचा आहे आणि पोपडे नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. मग कोटेशनमधला दुसरा पर्याय, गरजेपुरती लांबी, एक हात प्रायमर, दोन हात इमल्शन, २८ रुपये, पुरेसा आहे. निळ्यासाठी मात्र तिसरा हात ठरवून घ्या. अशी शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे मशीनवर रंग मिसळायच्या मूळ डब्यात, बनते त्यात झाकणारं पांढरं रंगद्रव्य कमी असतं. दोन हातांत रोलरचे पट्टे राहतात आणि कडेने येणाऱ्या उजेडात ते उठून दिसतात. तिसऱ्या हाताचे तीन रुपये वाढवून ३१ धरू.

छत पांढरं ठेवा. साडेनऊ फुटांखाली निळं छत खोली दडपून टाकतं, आणि वरून पाणी झिरपलं तर डागाची दुरुस्ती पांढऱ्यावर सहज लपते, निळ्यावर अख्खं छत पुन्हा रंगवावं लागतं. स्वयंपाकघर आणि पॅसेजही ऑफ-व्हाइट. मग हॉल आणि दोन बेडरूमच्या १,२५० चौरस फूट निळ्या भिंतींचे ३८,७५०. उरलेल्या १,०५० चौरस फुटांचे २८ ने २९,४००. ऑइल पेंट १८,०००. एकूण ८६,१५०. जीएसटी क्रमांक खरा निघाला तर १,०१,६५७.

या आकड्यात एक खर्च दिसत नाही, तो म्हणजे परत पांढरं करण्याचा. घर विकताना गिऱ्हाईक रंगाचे म्हणून जी रक्कम कापायला लावतं ती प्रत्यक्ष खर्चापेक्षा मोठी असू शकते, आणि निळ्यावर ऑफ-व्हाइट चढवायला प्रायमर अधिक तीन हात धरावेत. तेच १,२५० चौरस फूट, आजच्या दराने ३८,७५०. दोन्ही मिळून १,२४,९००, म्हणजे छत्तीस महिन्यांसाठी दरमहा ३,४७० च्या आसपास. एवढ्या पैशांत तीन वर्षं निळ्या घरात राहणं तुम्हाला परवडतं का, हा खरा प्रश्न. माझ्या मते परवडतं. फक्त काम झालं की परत पांढरं करण्यासाठी दरमहा १,१०० ची आरडी सुरू करा. करसवलतीची आशा धरू नका: भांडवली नफा काढताना रंगकाम सहसा ‘सुधारणा खर्चा’त धरलं जात नाही, आणि घर भाड्याने दिलं तर ३० टक्के ठोक वजावट मिळते, रंगाचं बिल वेगळं दाखवता येत नाही.

आता पैसा कुठून. तुमची एफडी म्हणजे हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याच्या ७२,००० च्या हिशेबाने जेमतेम सव्वातीन महिन्यांचा आधार. त्यातून १.५५ लाख काढले तर ८४,९४८ राहतात, पस्तीस दिवसांचे. मुदतीआधी मोडल्यावर अर्धा-एक टक्का व्याज जातं ते किरकोळ. नोकरीत खंड पडला तर काय, हे किरकोळ नाही. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ७,४४२, व्याज सुमारे २३,६००, आणि फी २ टक्के धरली तर जीएसटीसह ती ३,६५८. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांबद्दल एकच चौकशी करा: रोख दिले तर किती? ५ टक्के सूट मिळत असेल तर ७,७५० रुपये तुम्ही व्याजच भरताय, आणि वर्षभराच्या घटत्या मुद्दलावर ते साधारण १० टक्के पडतं.

तुमच्याकडे दरमहा १२,००० उरतात. जुलैपासून बाजूला टाकले तर फेब्रुवारीअखेर ९६,००० जमतात, एसआयपीला हात न लावता. ८६,१५० वजा जाता दहा हजारांच्या आसपास हाताशी राहतात. जीएसटी भरावा लागला तर मार्चचा हप्ता धरून भागेल. शिवाय मार्चपर्यंत भिंती पावसाळ्यातून पूर्ण सुकतात. दिवाळीआधी कारागीर घाईत असतात आणि पावसाची ओल आत मुरलेली असते. निळ्यावर क्षाराचे पांढरे डाग दोन खोल्यांपलीकडून दिसतात. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून चोवीस तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूने दव धरलं तर आधी गळती, रंग नंतर.

शेड ठरवायला कार्डावरचा टिकलीएवढा चौकोन उपयोगाचा नाही. एक लिटर आणून हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये दोन बाय दोन फुटांचे तुकडे रंगवा. सकाळी, दुपारी आणि रात्रीच्या दिव्यात पाहा. पिवळ्या दिव्याखाली काही निळे राखाडी-हिरवट वळतात, तेव्हा रंगाऐवजी दिवा बदलणं स्वस्त. खोली अंधारते म्हणून वीजबिल वाढेल ही काळजी सोडा: वीस वॅटची एक जादा ट्यूब रोज पाच तास लावली तरी वर्षाला ३६-३७ युनिट.

डबे तुम्ही स्वतः मोजा. लिटरला दोन हातांत १२० चौरस फूट धरले तर १,२५० ला साडेदहा लिटर, तिसऱ्या हाताला आणखी सव्वापाच. म्हणजे सोळा लिटर. दहा लिटरवर काम संपलं तर तिसरा हात झाला नाही, किंवा डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त पाणी पडलंय. सगळा निळा एकाच दिवशी, एकाच मशीनवर बनवून घ्या आणि एका खोलीचे डबे बादलीत मिसळूनच वापरा, नाहीतर अर्ध्या भिंतीत फरक दिसतो.

पैसे टप्प्याने द्या: सुरुवातीला २० टक्के, प्रायमर झाल्यावर ३०, शेवटचा हात झाल्यावर ४०, आणि उरलेले १० दोन आठवड्यांनी, दिवसाच्या उजेडात भिंती पाहून. सोळांवर एक लिटर जास्त घेऊन सीलबंद माळ्यावर ठेवा. झाकणावर शेडचा क्रमांक, बेस आणि तारीख लिहा. ओरखडा पडला तर तेवढाच ठिपका रंगवू नका, निळ्यावर तो कायम दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या.