खुनाच्या तपासात पोलीस मृताच्या घरच्यांपासूनच माहिती का लपवतात?

आपल्या बहिणीच्या खुनाला दोन महिने झाले, अधिकारी प्रत्येक वेळी ‘तपास चालू आहे’ एवढेच सांगतात, आणि ही तपासाची गरज समजायची की टाळाटाळ, असे तुम्ही विचारले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांचा खून झाला आणि घरातर्फे पोलिसांशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. आज माझे मत असे आहे की गुप्तता वेगळी आणि अबोला वेगळा. पहिली बहुतेक वेळा सोसावी लागते, दुसऱ्याबद्दल मात्र जाब विचारता येतो.

आधी गुप्ततेबद्दल. ज्याने गुन्हा केला त्यालाच ठाऊक असतील असे काही तपशील, उदाहरणार्थ जखमांची नेमकी जागा किंवा घटनास्थळावरून नाहीशी झालेली वस्तू, तपास पथक मुद्दाम स्वतःजवळ ठेवते, कारण पुढे कोणी कबुली दिली तर ती खरी की खोटी हे पारखण्याचे दुसरे खात्रीचे साधन क्वचितच हाती असते. खोटी कबुली ही कल्पनेतली भीती नाही. 1932 साली अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या लहान मुलाचे अपहरण होऊन त्याचा खून झाला, तेव्हा 200 हून अधिक लोकांनी आपण होऊन तो गुन्हा कबूल केल्याचे सांगितले जाते. असा तपशील एकदा घरच्यांना कळला की तो नातेवाइकांत आणि तिथून बातम्यांत जायला एक संध्याकाळ पुरते, आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही.

याचा अर्थ मला फार उशिरा, न्यायालयात बसून कळला. मामांच्या खुनानंतर तपास अधिकाऱ्यांनी मामींना ‘घरातून निघताना त्यांच्या अंगावर काय काय होते’ एवढेच विचारले होते, आणि मामींनी घड्याळ, पाकीट, चष्मा असे जे आठवले ते सांगितले होते. हा चष्मा पुढे आरोपीच्या घरात सापडला, पण तो नाहीसा झाला होता हे आम्हाला कोणीच कधी सांगितले नव्हते. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी मामींना विचारले की, चष्मा सापडत नसल्याचे पोलिसांनी सांगितल्यावरच तुम्हाला तो आठवला ना? मामी म्हणाल्या, ‘तो सापडत नव्हता हे मला आत्ता तुमच्याकडूनच कळते आहे.’ दीड वर्ष ज्या गुप्ततेचा आम्ही संताप केला, तिनेच त्या दिवशी मामींच्या साक्षीला आधार दिला. घरचे लोक अनेकदा साक्षीदारही असतात, आणि साक्षीदाराच्या आठवणीत पोलिसांनी पुरवलेली माहिती मिसळली की ती आठवण पुराव्याच्या कामाची राहत नाही.

दुसरे कारण अप्रिय आहे, पण ते टाळून तुम्हाला उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभरात सुमारे 85,000 स्त्रिया आणि मुलींची हत्या झाली, आणि त्यांतल्या सुमारे 60 टक्के हत्या जोडीदाराने किंवा कुटुंबातल्याच कोणीतरी केल्या. त्यामुळे अधिकारी सुरुवातीला घरच्यांकडेही संशयाने पाहतात. हे फार लागते. आमच्या घरी माझ्या मामेभावाला तीनदा बोलावले गेले आणि तो अपमान तो अजून विसरलेला नाही.

तरीही ‘तपासाच्या हितासाठी’ या शब्दांआड निष्क्रियताही लपू शकते, हे मी नाकारणार नाही. 22 एप्रिल 1993 रोजी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. संशयितांची नावे पोलिसांकडे एका दिवसाच्या आत येऊ लागली होती, पण पहिली अटक 7 मे रोजी झाली. त्याच्या आईवडिलांना मात्र आपल्याला काहीच सांगितले जात नाही आणि उलट आपल्याच मुलावर संशय घेतला जातो आहे, असे वाटत राहिले. या प्रकरणाची चौकशी करणारे निवृत्त न्यायाधीश मॅकफर्सन यांच्या 1999 च्या अहवालाने कुटुंबाशी ठेवलेल्या संपर्कावर कठोर टीका केली. दोघांना शिक्षा झाली ती 2012 मध्ये.

अटक झाली का, आरोपी सुटला का, आरोपपत्र गेले का, या कार्यवाहीच्या गोष्टी आहेत आणि त्या कळण्याचा हक्क बऱ्याच देशांनी मान्य केला आहे. इंग्लंडच्या पीडितांसाठीच्या संहितेनुसार संशयिताला अटक झाल्यास मृताच्या जवळच्या नातेवाइकांना कामाच्या एका दिवसात कळवायचे असते. भारतात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 नुसार तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे बंधनकारक आहे, आणि पीडित या व्याख्येत कायदेशीर वारसही येतात. इंग्लंडमध्ये कुटुंबासाठी खास संपर्क अधिकारीही नेमला जातो, मात्र तो मुळात तपास पथकाचाच माणूस असतो आणि घरात ऐकलेले तो नोंदवून ठेवतो, हे लक्षात असावे.

म्हणून पुराव्याबद्दल विचारून थकू नका. घरातर्फे एकाच व्यक्तीने बोलावे, आणि पुढचा संपर्क कधी होईल, मृतदेह व वस्तू कधी परत मिळतील, बातमी बाहेर जाण्याआधी आम्हाला कळवाल का, हे लेखी विचारावे. सर्वांत उपयोगी प्रश्न मला एका निवृत्त वकिलांनी शिकवला: ‘हे तुम्हाला माहीत नाही, की सांगता येत नाही?’ याचे उत्तर देताना तपासाला सहसा धक्का लागत नाही, आणि उत्तर दोन-तीनदा टाळले गेले तर वरिष्ठांकडे लेखी जायला तुमच्याकडे ठोस कारण असते.

आम्हाला अटकेची बातमी दूरचित्रवाणीवर कळली होती. त्यानंतर मी लेखी तक्रार केली, आणि तपास अधिकारी दर सोमवारी फोन करू लागले. निम्म्या वेळा ‘नवीन काही नाही’ एवढेच ते सांगत, तरी मामींनी तो फोन एकदाही चुकवला नाही.