पक्ष दोन, धोरण एक?

प्रश्न : काँग्रेस आणि भाजप विचारांनी परस्परविरोधी मानले जातात. तरीही सत्तेवर येताच आधीच्या सरकारची आर्थिक धोरणे ते निमूटपणे पुढे चालवतात. मग त्यांच्यात तात्त्विक फरक उरला आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नातील तक्रारीचा अनुभव महाराष्ट्राने दाभोळच्या वीजप्रकल्पात फार जवळून घेतला आहे. १९९३ साली काँग्रेसचे सरकार असताना राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा केली आणि सत्ता मिळाल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. मात्र फेरवाटाघाटी होऊन १९९६ च्या जानेवारीत त्याच युती सरकारने नव्या कराराला मान्यता दिली. पहिल्या करारात ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा या करारात बंधनकारक झाला होता. पुढे मे महिन्यात, अवघे तेरा दिवस टिकलेल्या वाजपेयी सरकारने जाता जाता प्रकल्पाच्या प्रतिहमीलाही, म्हणजे राज्याने पैसे थकवल्यास ते केंद्राने भरण्याच्या हमीलाही, मंजुरी दिली. ही महागडी वीज घेणे थांबवण्याची पाळी २००१ साली आली, तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते.

याला केवळ ढोंग म्हणणे सोपे आहे. आमच्या मते खरे कारण वेगळे आहे. बाजारवाद हा या दोन्ही पक्षांचा मूळ धर्म कधीच नव्हता. काँग्रेसने १९५५ साली आवडी अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, तर भाजपने १९८० साली, स्थापनेच्याच वर्षी, मुंबईच्या अधिवेशनात ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला. १९९१ साली परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाल्यावर नरसिंह राव सरकारने जी वाट धरली, ती पटली म्हणून जेवढी धरली तेवढीच दुसरा पर्याय नव्हता म्हणूनही धरली, आणि त्यानंतर अर्थ मंत्रालयात जो बसला त्याच्यापुढे तीच तूट आणि तेच कर्ज होते. त्यामुळे आर्थिक प्रश्नावरचा विरोध बहुतेक वेळा विचारापेक्षा सभागृहातील बाकावर ठरतो. वस्तू व सेवा कराचे घटनादुरुस्ती विधेयक संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने २०११ साली मांडले, तेव्हा भाजपच्या ताब्यातील गुजरात आणि मध्य प्रदेश यांचा त्याला विरोध होता. १ जुलै २०१७ रोजी तो कर लागू केला भाजपच्याच सरकारने, आणि तक्रारीचा सूर काँग्रेसकडे गेला.

थेट पैसे देण्याच्या योजनांत तर आता चढाओढच आहे. मोफत वाटपाच्या राजकारणाला पंतप्रधानांनी २०२२ साली ‘रेवडी’ म्हटले, पण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने लाडक्या बहिणींना दरमहा १५०० ऐवजी २१०० रुपयांचे, तर महाविकास आघाडीने महिलांना ३००० रुपयांचे आश्वासन दिले.

खरा फरक आहे तो ‘राष्ट्र म्हणजे काय’ या प्रश्नाच्या उत्तरात. काँग्रेसची कल्पना, निदान कागदावर, समान नागरिकत्वाची आहे. धर्म आणि भाषा यांचे वेगळेपण मान्य करून त्यावर एक राज्यघटना उभी करण्याची. भाजपची कल्पना सांस्कृतिक राष्ट्रवादाची असून, तिचे एक मूळ भाजपचा पूर्वावतार असलेल्या जनसंघाचे नेते दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत दिलेल्या एकात्म मानववादावरील व्याख्यानांत सापडते. १९८९ च्या पालमपूर ठरावाने राममंदिर भाजपच्या कार्यक्रमात आले. २०१९ साली कलम ३७० आणि नागरिकत्व कायद्यातील दुरुस्ती या दोन्ही विषयांवर संसदेत काँग्रेसने विरोधात मतदान केले. या बाबतीत सरकार बदलले की कायदा बदलतो.

अर्थात इथेही रेघ वाटते तितकी सरळ नाही. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी घालणारा कायदा १९७६ सालचा, म्हणजे काँग्रेसच्या राजवटीतला आहे. बैल आणि वळू यांनाही ती बंदी लागू करणारे विधेयक १९९५ साली युती सरकारने संमत करून घेतले, पण राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली २०१५ साली. मधल्या जवळपास वीस वर्षांत ते दिल्लीत पडून होते आणि त्यांत वाजपेयी सरकारचीही सहा वर्षे होती.