कॅल्क्युलेटरवर आकडे रिपीट होत नाहीत, मग १/१७ परिमेय कसं?

प्रश्न: मुलीचा गणिताचा अभ्यास घेताना अडकलोय. परिमेय संख्येचं, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या संख्येचं, दशांश रूप एकतर खंडित (कुठेतरी संपणारं) असतं नाहीतर अखंड आवर्ती (न संपता तोच आकड्यांचा गट परत परत येणारं), असं पुस्तकात आहे. १/७ चं पटलं, १४२८५७ परत परत येतं. पण १/१७ केलं तर स्क्रीनवर ०.०५८८२३५२९४ दिसतं, काहीच रिपीट होत नाही. मग हे अपरिमेय का नाही?

उत्तर: स्क्रीनवर दशांशचिन्हापुढे दहाच आकडे मावलेत, आणि इथे आवर्तन आहे १६ आकड्यांचं! ०५८८२३५२९४११७६४७, आणि मग परत ०५८८ पासून सुरू. म्हणून कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि मुलीसोबत एकदा हा भागाकार हाताने कराच, आणि भागाकारापेक्षा बाकीकडे लक्ष द्या, खरी गंमत तिथे आहे. बाकी येते १०, मग १५, १४, ४, ६, ९... १७ ने भागताना बाकी १ ते १६ यांच्यातलीच येणार ना, शून्य आली तर भागाकार तिथेच संपला, आणि नाही आली तर जास्तीत जास्त १६ पायऱ्यांनंतर आधीची एखादी बाकी परत यायलाच हवी, दुसरी येणार कुठून? आणि तीच बाकी आली, तिच्यावर तेच शून्य घेतलं, की पुढचं सगळं तसंच्या तसं. १/१७ मध्ये सोळाव्या पायरीला १ उरतो, म्हणजे जिथून निघालो तिथेच आलो. दरवेळी एवढं लांब जात नाही हं, १/१३ ला सहा आकडेच पुरतात, ०७६९२३.

खंडित कधी? अपूर्णांकाला आधी संक्षिप्त रूप द्या, मग छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असले तरच, कारण १० चे अवयव तेवढेच. संक्षिप्त रूप विसरू नका, ७/२८ मध्ये छेदात ७ दिसतो पण तो म्हणजे १/४, ०.२५.

उलटंही खरं आहे, आवर्ती दशांश दिसला की तो अपूर्णांकात आणता येतो. ०.२७२७... ला क्ष म्हणा, १००क्ष म्हणजे २७.२७२७..., वजा केलं की शेपूट उडतं, ९९क्ष = २७, म्हणून क्ष = ३/११. अपरिमेय म्हणजे ०.१०१००१०००१... सारखं, जिथे शून्यं दरवेळी एकाने वाढत जातात, पॅटर्न आहे पण ठरावीक गट कधीच रिपीट होत नाही.