प्रेरणा संपली म्हणतोस, आधी उगवण तपास

भाऊ, तुझा प्रश्न काल रात्री दुकान बंद करताना वाचला आणि आज सकाळी शांतपणे पुन्हा वाचला. जिंतूर तालुक्यातलं गाव, वय २७, पुण्यात एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेच्या तयारीचं चौथं वर्ष. दोनदा पूर्व निघाली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत राहिलास. घरी ४ एकर कोरडवाहू, वडील दर महिन्याला पैसे पाठवतात, बहिणीचं लग्न तुझ्या निकालासाठी थांबवलंय. आणि शेवटी विचारलंस, "पहिल्यासारखी जिद्द राहिली नाही, प्रेरणा कुठून आणू? सोडलं तर मी हरलो असं होईल का?" मी अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस.

मी माजलगाव तालुक्यातला. २०१० ला डी.एड. झालो, म्हणजे शिक्षक व्हायची पदविका घेतली. तेव्हा आमच्याकडं डी.एड.ला नंबर लागला की पोरगं मार्गी लागलं, असंच सगळं गाव धरून चालायचं. त्या वर्षीच्या शिक्षक भरतीच्या सीईटीत थोडक्यात राहिलो. पुढच्या वेळी होईल म्हणालो, पण ती पुढची वेळ आलीच नाही. २०१२ ला भरती बंद झाली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली. मी दुसऱ्या प्रयत्नात पास झालो, सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलं आणि वाट बघत बसलो. संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, औरंगपुऱ्याजवळ खोली होती, अभ्यासिकेत जागा होती. पुस्तक उघडं असायचं आणि डोळे पानावरून नुसते फिरायचे. तू लिहिलंस ना, "दहा तास बसतो पण डोक्यात काही जात नाही", ते वाक्य वाचून मला ती खुर्ची आठवली.

आता मी मोटार वाइंडिंग करतो, म्हणजे जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरतो. रब्बीत व्होल्टेज पडलं की शेतातल्या मोटारी जळून दुकानात येतात. या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते. पंपाचा पंखा गाळानं अडकला तर मोटार फिरत नाही, पण करंट नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढते आणि वाइंडिंग जळतं. शेतकरी म्हणतो, मोटार तर चाललीच नाही, मग जळली कशी? अडकली म्हणूनच जळली.

तुझं तसं झालंय असं मला वाटतं. अभ्यासानं तू एवढा थकला नाहीस. "चालू ठेवू का सोडू" हा एकच प्रश्न तू सकाळी उठल्यापासून शंभरदा सोडवतोस आणि संध्याकाळी तो होता तिथंच असतो. सगळी ताकद त्यात जाते. अशा वेळी प्रेरणेचे व्हिडिओ बघून तासभर बरं वाटतं, मीही तेव्हा भाषणं ऐकायचो. पण ऐकून झालं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि काम तसंच पडून राहतं. म्हणून प्रेरणा कुठून आणायची हा प्रश्न जरा बाजूला ठेव. आधी अडकलेलं मोकळं करू.

त्यासाठी तुला घरची गोष्ट सांगतो. २०२० चा जून तुझ्या वडिलांना पक्का आठवत असेल. मराठवाड्यात कितीतरी शेतांत सोयाबीन उगवलंच नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर पाऊस लागला होता आणि बी भिजलं होतं. आमचंही भिजलं होतं. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी "आपल्या घरचंच बी आहे" म्हणून पेरलं आणि दुबार पेरणी करावी लागली. बांधाला बांध लागून असलेल्या काकूंनी मात्र गोणपाट ओलं केलं, त्यावर दहा-दहाच्या ओळी करून १०० दाणे मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं आणि सातव्या दिवशी मोजले. निम्मेच उगवले होते. त्यांनी ते बी पेरलं नाही, दुसरं आणलं. तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस, तुला माहीत आहे. ७० उगवले तर पेरायचं, त्याहून कमी असतील तर एकरी बियाणं वाढवायचं, ६० च्या खाली गेले तर ते बी पेरणीला घ्यायचं नाही. त्या बियावर माया किती, त्यासाठी वर्षभर राबलो किती, हे त्या मोजणीत धरत नाहीत.

तुझ्या चार वर्षांची अशी मोजणी तू अजून केलेली नाहीस. निकाल लागला की रडलास, पुन्हा पुस्तकं घेतलीस, पण दाणे मोजले नाहीस. तर हे कर. मागच्या तीन वर्षांचे पूर्वपरीक्षेचे पेपर काढ. तीन दिवस, रोज एक, अकरा वाजता, घड्याळ लावून. १०० प्रश्न, ६० मिनिटं. बरोबर किती हे तर मोजच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग कर : माहीतच नव्हतं, माहीत असून चुकलं, अंदाजानं ठोकलं. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळं तिसरा ढीग मोठा असेल तर तुझी अडचण ज्ञानाची नाही, संयमाची आहे, आणि ती दोन-तीन महिन्यांत सुधारता येते. पहिला ढीग चार वर्षांनंतरही मोठाच असेल तर ते वेगळं दुखणं आहे.

मग दोन्ही मुख्य परीक्षांचे तुझे गुण आणि त्या वेळचा कटऑफ शेजारी शेजारी लिही. अंतर कमी झालंय की वाढलंय? दोनच आकडे आहेत, पण चार वर्षांत त्यांच्याकडं सरळ बघायची हिंमत कुणी केलेली नसते. मी केली नव्हती.

अंतर स्पष्ट कमी होत असेल तर अजून एक प्रयत्न जरूर दे आणि मनापासून दे. फक्त त्याची शेवटची तारीख आजच वहीत लिही आणि घरी सांग. "बघू पुढं" असं ठेवलंस तर तो अडकलेला पंखा तसाच राहील. अंतर तेवढंच असेल किंवा वाढलं असेल, तर बी बदलायची वेळ आली आहे. त्यात तुझा काही गुन्हा नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. जागा भरल्यावर जे लाखो राहिले ते सगळे आळशी होते का? ते हरले म्हणायचं का? तू स्वतःसाठी जो शब्द वापरलास तो तू त्यांच्यासाठी वापरणार नाहीस.

बी बदलणं म्हणजे नेमकं काय, ते माझ्यावरूनच सांगतो. यातलं काही मी ठरवून केलं नव्हतं, हे आधी कबूल करतो. २०१६ चा उन्हाळा, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तोच. मी गावी आलो होतो. विहिरीच्या तळाला हातभर पाणी, मोटार हवा ओढायला लागली आणि जळाली. जनावरांच्या पाण्याचा प्रश्न होता, म्हणून मी मोटार गाडीवर टाकून माजलगावला नेली. मिस्त्री म्हणाले, दोन दिवस लागतील, गर्दी आहे. परत जायला पैसे नव्हते असं नाही, पण मी तिथंच बसलो. त्यांनी जळकी तार काढली, खाचा साफ केल्या, नवा कागद घातला, तांब्याच्या तारेचे वेढे मोजत मोजत गुंडी भरली. मी वेढे मोजायला लागलो. मग त्यांनी तारेचं टोक माझ्या हातात दिलं. उठलो तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि दिवसभरात मी एकदाही घड्याळ बघितलं नव्हतं. अभ्यासिकेत दर दहा मिनिटाला बघायचो.

मोटार बसवून झाल्यावरही मी रोज जात राहिलो. तीन महिने, बिनपगारी. जमतं का, कंटाळा येतो का, उन्हात विहिरीत उतरावं लागलं तर मन मागं सरतं का, हे तेव्हा कळलं. ती माझी गोणपाटाची गुंडाळी होती. त्यानंतर ऑगस्टमध्ये आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला. माझं वय तेव्हा २८ होतं, वर्गातली पोरं सोळा-सतरा वर्षांची. आयटीआयला वयाची कमाल अट नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

सगळ्यात अवघड होतं ते आण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगणं. त्यांनी माझ्यासाठी एक बैल विकला होता. महिनाभर मी रोज ठरवायचो आणि रोज जेवून झोपायचो. शेवटी एका रात्री खळ्यावर सांगितलं, भरतीची वाट बघणं सोडतोय, आयटीआयला जातोय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "फी किती हाय?" एवढंच. ज्या क्षणाला मी दोन वर्षं भीत होतो तो एवढा होता. तुझे वडील काय म्हणतील ते मला माहीत नाही, पण तू त्यांना अजून विचारलेलंच नाहीस. तुझ्या प्रश्नात "त्यांना काय वाटेल" असं तीनदा आलंय आणि ते काय म्हणाले असं एकदाही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१७ च्या डिसेंबरात शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा झाली आणि २०१९ मध्ये माझ्याबरोबरच्या दोघांना नोकरी लागली. ते थांबले होते, त्यांचं झालं. ऑर्डर आल्याचा फोन आला त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणजे जो सोडतो तोच शहाणा असं मी म्हणत नाही. थांबायचं की निघायचं हे मोजून ठरवावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ते दोघं टीईटीला माझ्यापेक्षा कितीतरी पुढं होते. त्यांचे दाणे उगवलेले होते.

आपल्याच भागातला धावपटू अविनाश साबळे बघ. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर सैन्यात गेला. तिथं क्रॉसकंट्री धावायला लागला आणि स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडं, वळला तो २०१७ मध्ये, म्हणजे वयाच्या विशीत. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. ज्या शर्यतीनं त्याला जगभर ओळख दिली ती त्यानं हातात नोकरी असताना, धावता धावता बदलून घेतलेली आहे. ध्येय लहानपणीच ठरलेलं असतं आणि ते बदललं की माणूस कच्चा, हे आपल्याकडं कुणी पसरवलं माहीत नाही, पण त्यानं फार पोरांचं नुकसान केलंय.

रोजच्या कामाबद्दल थोडंच सांगतो. डी.एड.ला मानसशास्त्र होतं, तेव्हापासून ते वाचायची आवड राहिली. पीटर गॉलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये मांडलं की नुसता निश्चय करण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं वेळ-जागेसकट ठरवलं तर काम होण्याची शक्यता खूप वाढते. मी ते दुकानात वापरतो. शटर वर गेलं की पहिल्यांदा कालची अर्धी राहिलेली मोटार, फोन त्यानंतर. तू असं ठरव : चहाचा कप खाली ठेवला की काल चुकलेले दहा प्रश्न. मन लागो न लागो. मला बहुतेक दिवशी काम सुरू केल्यावर अर्ध्या तासानं उत्साह येतो, आधी येत नाही.

चहाच्या टपरीवरच्या मंडळींपासून जरा लांब राहा. वाईट म्हणून नाही. सगळे त्याच बोटीत असले की उतरणारा माणूस सगळ्यांना गद्दार वाटतो, आणि तुला स्वतःलाही.

बहिणीचं लग्न तुझ्या निकालाला बांधू नकोस. तिचं काय म्हणणं आहे, तिला पुढं शिकायचंय का, लग्न कधी करायचंय, हे तिला विचार. ती तुझ्या वेळापत्रकातली एक ओळ नाही.

आणि तू शेवटी लिहिलंस की रात्र रात्र झोप येत नाही आणि "कधी कधी वाटतं नकोच हे सगळं". हे वाक्य मी सोडून देणार नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. बाकी सगळ्याच्या आधी तिथं फोन कर. माझ्या ओळखीच्या एकानं केला होता, त्याला आधार मिळाला.

परवापासून तीन पेपर सोडव. तिन्हीचे आकडे, ढिगांसकट, इथंच खाली लिही. रविवारी दुपारनंतर मी मोकळा असतो, तेव्हा आपण दोघं ते नीट बघू.