मैत्रिणीला येशूबद्दल सांगू की गप्प बसू?

तू पत्राखाली नाव घातलं नाहीस, म्हणून मी तुला नगरकर म्हणते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: नगरकर ख्रिस्ती घरातली, नोकरीसाठी पुण्यात, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. एकीच्या वडिलांची बायपास ठरली तेव्हा ही म्हणाली, ‘मी प्रार्थना करेन.’ मैत्रिणीला बरं वाटलं. मग हिने तिच्या उशाशी बायबलचा नवा करार ठेवला, आणि ऑपरेशननंतर दोनदा ‘चर्चला चल’ म्हणून पाहिलं. त्यावर दुसरी मैत्रीण बोलली, ‘हिचं धर्मांतराचं काम सुरू झालं वाटतं.’ तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं. इकडे पाळकसाहेब तरुण संघात विचारतात, या वर्षी किती जणांना साक्ष दिली, म्हणजे येशूबद्दल सांगितलं? गप्प बसणं म्हणजे प्रभूला नाकारणं का, असा हिचा प्रश्न.

नाही गं. पण उशाशी नवा करार ठेवलास, तिथे तुझं चुकलं.

प्रार्थना करेन म्हणालीस, तिला आवडलं, तिथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. पण वडील ऑपरेशन थिएटरमध्ये असताना माणूस कशालाही हो म्हणतो. त्या आठवड्यात तू दवाखान्यात डबा पोचवलास, रात्रीचं बसलीस. ज्या मुलीने एवढं केलं तिला ‘पुस्तक नको’ कोणत्या तोंडाने सांगायचं? आता तो डबाही तिला वेगळा वाटत असेल.

आपल्याकडे ही जखम जुनी आहे. 1876-78च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या खूप वाढली, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांच्या नातवंडांनाही सुटला नाही. गावकुसाबाहेरच्या माणसांना मिशनच्या शाळेत पाटीबरोबर मानही मिळाला, हे टोमणा मारणारे सांगत नाहीत, ते सोड. पण मदत आणि धर्म एकाच ताटात आले की इथे लोकांचे कान उभे राहतात. दुसरीचं बोलणं कडवट होतं, पण ते आकाशातून पडलेलं नाही.

कायद्याचं विचारलं आहेस. राज्यघटनेच्या कलम 25मध्ये धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे येशूबद्दल बोललीस म्हणून गुन्हेगार ठरत नाहीस. पण तीन खोल्यांच्या घरात कलमं काढून कोणाचं भलं झालंय?

त्यापेक्षा टिळकांच्या घरात डोकाव. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 साली. मधली काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं चालूच होतं. एवढा मोठा कवी, ख्रिस्ताने झपाटलेला माणूस, आणि स्वतःच्या बायकोसाठी थांबावं लागलं! लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी, वाटेत हवं तेवढं भांडून. आणि टिळकांनी तरी मागचं कुठे टाकलं? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. शेजारच्या घरातलं चांगलं त्यांना चांगलं म्हणता येत होतं. तुला येतं का? दुसरी मैत्रीण दर चतुर्थीला उपास करते असं लिहिलंस. ती का करते, कधी विचारलंस?

नव्या करारातलं पेत्राचं पहिलं पत्र काढ, तिसरा अध्याय, पंधरावं वचन. तुझ्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, असं तिथे आहे, आणि तेही सौम्यपणे. आधी कोणी विचारायला हवं. लोक विचारतात गं, मावशीचा अनुभव आहे. पण मागे लागणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आता कर काय? पहिलीशी एकटीने बोल. ‘तेव्हा पुस्तक ठेवलं ते घाईचं झालं. तुला नको असेल तर परत दे, मला वाईट वाटणार नाही.’ आणि खरंच वाईट वाटू देऊ नकोस. दुसरीला सांग की तिचं बोलणं लागलं. सफाई देत बसू नकोस. गळ्यातला क्रूस ड्रॉवरमध्ये टाकलास तो काढून पुन्हा घाल. रविवारी कुठे जातेस हे लपवायचं काहीच कारण नाही. चोरून गेलीस तर उलट संशय वाढेल.

पाळकसाहेबांना सांग, आकडा नाही, पण दोन मैत्रिणी आहेत आणि त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते. ते रागावले तर मला कळव, त्यांनाही एक पत्र लिहीन.

नाताळला दोघींना नगरला घेऊन जा. आईला करंज्या जास्त करायला सांग. उपासनेला यायचं की नुसतं जेवायला, ते त्यांचं त्यांना ठरवू दे, आणि नुसतं जेवायला आल्या तर आईने तोंड वाकडं करायचं नाही, हे तिला आधीच बजावून ठेव.

– मावशी