आरव्ही-७ मध्ये (घरी किटमधून बांधायचं छोटं विमान) टर्बो इंजिन बसवलं तर लाल रेषेच्या पुढे उडवता येईल का? पंख तर ६ जी, म्हणजे वजनाच्या सहापट भार, झेलतात ना?

नाही. इंजिन कितीही दमदार असलं तरी ती रेषा तसूभर सरकत नाही. किट बनवणाऱ्या व्हॅन्स कंपनीने या विमानासाठी १५० ते २०० अश्वशक्तीची इंजिनं सुचवली आहेत आणि कधीच ओलांडायचा नाही असा वेग, म्हणजेच वेगाच्या मीटरवरची लाल रेषा, ताशी २३० मैल ठरवून दिलाय.

६ जी हे प्रकरण वेगळं. ते १६०० पौंड वजनापर्यंतच लागू, आणि ताशी १४२ मैलांच्या वर स्टिक खसकन ओढलीत तर तेही सहज ओलांडाल.

लाल रेषेमागचं खरं भय फ्लटरचं. एलेव्हेटर (शेपटीवरची हलती पट्टी) किंवा एलेरॉन (पंखावरची हलती पट्टी) एकदा फडफडायला लागला की वाहत्या हवेतूनच त्याला बळ मिळतं, थरथर दर हेलकाव्याला वाढत जाते आणि शेपूट तुटायला काही सेकंद पुरतात. गोम अशी की फ्लटर खऱ्या वेगावर ठरतो, आणि मीटर चालतो पिटो नळीत समोरून शिरणाऱ्या हवेच्या दाबावर. वर हवा विरळ, म्हणून काटा कमी दाखवतो. १२,५०० फुटांवर मीटरवर १९० दिसत असतात तेव्हाच खरा वेग २३० झालेला असतो. १८,००० फुटांवर तर १७४ लाच. साधं इंजिन तिथवर विरळ हवेत दमून जातं, म्हणून आपसूक वाचवतं. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, म्हणून दमत नाही, तीच पंचाईत!

मी इथे ओहायोत ओळखीच्यांच्या हँगरमध्ये रिव्हेट मारताना बकिंग बार (रिव्हेटच्या मागे टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरायला जातो. एलेव्हेटरच्या टोकाला शिशाचं वजन असतं ते समतोलासाठी, म्हणजे फ्लटर टाळायला. समतोल साधून झाल्यावर मागच्या कडेला रंगाचा जाड थर चढवला की तो बिघडतो, म्हणून रंगानंतर पुन्हा तपासावं लागतं. ट्रिम टॅब (एलेव्हेटरच्या मागच्या कडेची छोटी पट्टी) तर दर उड्डाणाआधी चिमटीत धरून हलवून बघा, खुळखुळता कामा नये. २०११ साली अमेरिकेतल्या रेनोच्या विमानशर्यतीत एका पी-५१ चा (दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान) ट्रिम टॅब सैल स्क्रूंमुळे फ्लटरमध्ये गेला आणि ११ जण गेले. ते घरी बांधलेलं विमान नव्हतं, पण हवेला त्याच्याशी काय देणंघेणं?

टर्बो बसवायचाच असेल तर असं डिजिटल पॅनेल घ्या ज्यात लाल रेषा खऱ्या वेगावर सेट करता येते; उंचीप्रमाणे ती आपोआप खाली सरकते. काट्याचं मीटर असेल तर उंचीनुसार आकड्यांचा तक्ता करून शेजारी चिकटवा.